पाव सेकंदाची शर्यत

१६ ऑक्टोबर २०२३ हा दिवस तुमच्यापैकी क्रिकेटवेड्यांच्या नक्की लक्षात असेल. त्या दिवशी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. पण त्याच ठरावात आणखी चार खेळांची नावे होती, तिकडे आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांपैकी एक नाव होते लॅक्रॉस.

हा खेळ ऑलिंपिकला अगदीच नवा नाही. १९०४ साली सेंट लुईस येथे आणि १९०८ साली लंडन येथे त्याची पदके दिली गेली होती. त्यानंतर तब्बल १२० वर्षांनी तो पदकांच्या यादीत परत येतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसेल. पण अमेरिकेत मात्र हजारो मुलामुलींच्या आयुष्याची दिशा या खेळावर ठरते. शाळेत असताना तुम्ही आक्रमक म्हणून कसे खेळता, हे पाहून महाविद्यालयाचा प्रशिक्षक तुम्हाला आपल्या संघात बोलावतो किंवा बोलावत नाही. मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा असलेला हा प्रशिक्षक नेमके काय टिपत असतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडेसे शरीरशास्त्रही भेटणार आहे.

झोळीची काठी, रबरी चेंडू

आधी खेळाची ओळख करून घेऊ. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा खेळ. त्यांपैकी हौडेनोशोनी, म्हणजे ज्यांना इरोक्वाय असेही म्हणतात, ते लोक या खेळाला निर्मात्याने दिलेली देणगी मानतात. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच धर्मप्रसारकांनी त्यातली वाकडी काठी पाहून त्याला ‘ला क्रॉस’ असे नाव दिले. १८६७ साली माँट्रियलमधील विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने त्याचे नियम लिहून काढले आणि आजच्या खेळाची घडी बसली.

प्रत्येकाच्या हातात एक काठी असते. तिच्या टोकाला जाळीची उथळ झोळी असते. चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा आणि २० सेंटिमीटर परिघाचा. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका आणि लहान. चेंडूला हात लावायचा नाही. तो झोळीत झेलायचा, झोळीत घेऊन पळायचे, झोळीतूनच फेकायचा आणि सहा फूट लांब व सहा फूट उंच अशा गोलात मारायचा. मुलांच्या संघात दहा जण असतात : एक गोलरक्षक, तीन बचावपटू, तीन मधल्या फळीतले आणि तीन आक्रमक. मुलींच्या महाविद्यालयीन संघात बारा जणी असतात व धक्काबुक्कीला मनाई असते. मैदान साधारण १०० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. हॉकी-फुटबॉलपेक्षा येथे एक मोठा फरक आहे. गोल मैदानाच्या अगदी टोकाला नसतो. त्याच्या मागेही सुमारे १४ मीटर जागा असते आणि तेथेही खेळ चालू राहतो. ही गोलामागची जागा लक्षात ठेवा. पुढे तिचे मोठे काम आहे.

तीन जागा आणि कितीतरी उमेदवार

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते. तिची पुरुषांची पहिली लॅक्रॉस अजिंक्यपद स्पर्धा १९७१ साली झाली, महिलांची १९८२ साली. तेथील महाविद्यालयांची फी अवाढव्य असते. त्यामुळे खेळाच्या शिष्यवृत्तीला फार महत्त्व आहे. पण ती पुरत मात्र नाही. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील संघांना २०२५ पर्यंत जास्तीत जास्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि संघात खेळाडू असत चाळीसहून अधिक. साहजिकच एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून ते वाटले जात. २०२५ पासून हे नियम बदलू लागले आहेत. पण एक गोष्ट बदललेली नाही : मैदानावर आक्रमकांच्या जागा तीनच!

पूर्वी प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुलांनाच तोंडी शब्द देऊन टाकत. तेराव्या-चौदाव्या वर्षी उंच असलेला मुलगा अठराव्या वर्षीही सरस असेलच असे नाही, आणि तेव्हा किरकोळ दिसणारी मुलगी पुढे झपाट्याने वाढू शकते. ही घाई मुलांवर अन्याय करणारी होती. म्हणून २०१७ साली पहिल्या श्रेणीसाठी नियम झाला, की विद्यार्थी अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबरपूर्वी प्रशिक्षकाने त्याच्याशी भरतीची बोलणी करायची नाहीत. त्याआधी तो खेळ पाहू शकतो. विद्यार्थीही त्याला पत्र लिहू शकतो. उत्तर मात्र त्या तारखेपर्यंत यायचे नाही.

तुम्ही म्हणाल, “त्यात काय अवघड आहे? भरपूर गोल करावेत, म्हणजे प्रशिक्षक आपोआप खूष!” पण तसे होत नाही. समोरचा संघ कच्चा असेल तर कोणीही गोल करील. प्रशिक्षकाला हे पाहायचे असते, की समोर उद्या याहून चांगला बचावपटू आला तर हा खेळाडू काय करील? त्याचे उत्तर गोलांच्या संख्येत नसते. ते असते पाव सेकंदात.

पट्टीचा प्रयोग

हा पाव सेकंद म्हणजे काय, ते घरीच करून पाहा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीला न टेकवता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहा. पट्टी गुरुत्वाकर्षणाने पडते, म्हणून अंतरावरून वेळ काढता येतो. १५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१७ सेकंद, २० सेंटिमीटरवर ०.२० सेकंद, आणि ३० सेंटिमीटरवर ०.२५ सेकंद. डोळ्याने पाहिले, मेंदूला कळले, मेंदूने स्नायूंना हुकूम दिला आणि बोटे मिटली. या सगळ्या प्रवासाला लागलेला हा वेळ. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात.

आता प्रयोग थोडा अवघड करा. मित्राला दोन्ही हातांत एकेक पट्टी धरू द्या. कोणती सोडणार हे त्याने सांगायचे नाही. जी पडेल ती त्या बाजूच्या हाताने तुम्ही पकडायची. या वेळी पट्टी बरीच खाली गेलेली आढळेल. कारण आता मेंदूला नुसती प्रतिक्रिया द्यायची नाही, निवडही करायची आहे.

चांगल्या आक्रमकाचे सारे कसब याच गोष्टीत आहे. समोरच्याला निवड करायला लावायची आणि त्याचा मेंदू निवडत असताना आपण पुढे सरकायचे.

हुलकावणी

आट्यापाट्या किंवा कबड्डी खेळलेल्या मुलांना हुलकावणी शिकवावी लागत नाही. डावीकडे झेप घेतल्यासारखे करायचे आणि उजवीकडून निसटायचे. लॅक्रॉसमध्येही तेच. आक्रमक सेकंदाला ५ मीटर वेगाने पळत असेल आणि त्याने एकाएकी दिशा बदलली, तर बचावपटूला ते कळून पाऊल टाकेपर्यंत किमान ०.२ सेकंद जातो. तेवढ्यात आक्रमक एक मीटर पुढे गेलेला असतो.

पण थांबा! बचावपटूच्या हातात सहा फुटांपर्यंत लांबीची काठी असू शकते. नुसता एक मीटर मिळून भागत नाही. म्हणून प्रशिक्षकाची नजर हुलकावणीच्या नाट्यावर नसते. ती असते त्यानंतरच्या चार-पाच पावलांवर. मिळवलेला मीटर दोन मीटर होतो, की बचावपटू तो भरून काढतो?

दिशा बदलताना आधी वेग मारावा लागतो. हे काम बूट आणि जमीन यांच्यातील घर्षणामुळे होते. गुडघे वाकवून गुरुत्वमध्य खाली आणला तर शरीराचा तोल जात नाही आणि पाय जमिनीला तिरपा रेटा देऊ शकतात. सरळ रेषेत वाऱ्यासारखा धावणारा, पण ताठ गुडघ्यांनी वळणारा मुलगा अशा वेळी मागे पडतो. म्हणूनच धावण्याच्या वेगाइतकेच महत्त्व थांबण्याच्या आणि पुन्हा सुटण्याच्या कौशल्याला दिले जाते.

या पळापळीत चेंडू झोळीतून पडत का नाही? पाण्याने भरलेली बादली उभ्या वर्तुळात गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. खेळाडू मनगटाने काठी सतत चापाकार हलवत राहतो. चेंडू जडत्वामुळे सरळ रेषेत जाऊ पाहतो. झोळी त्याला आत वळवते. हे आत वळवणारे बल म्हणजे अभिकेंद्री बल. त्यामुळे चेंडू जाळीला दाबून बसतो. ही हालचाल इतकी अंगवळणी पडायला हवी, की डोळे चेंडूकडे न जाता मैदानावर फिरत राहिले पाहिजेत. जो खेळाडू पळताना पुन्हापुन्हा झोळीत डोकावतो, त्याच्या नावापुढे वहीत काय लिहिले जात असेल, ते सांगायला नकोच!

काठी नव्हे, तरफ

आता गोलावरचा फटका. खालचा हात काठीच्या बुडाशी असतो, वरचा हात त्याच्यापासून समजा ३० सेंटिमीटरवर आणि चेंडू ९० सेंटिमीटरवर. खालचा हात टेकू झाला, वरच्या हाताने बल लावले आणि टोकाला भार आहे. ओळखलेत ना? टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि बल मध्ये. ही झाली तिसऱ्या प्रकारची तरफ, आपल्या स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखी. वरचा हात १० सेंटिमीटर सरकला की चेंडू ३० सेंटिमीटर सरकतो. वेग तिप्पट! अर्थात निसर्गात फुकट काही मिळत नाही. बलही तिप्पट लावावे लागते.

हे बल एकट्या दंडातून येत नाही. आधी मागचा पाय जमिनीला रेटतो, मग कंबर वळते, मग छाती, खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देत जातो. आपला वेगवान गोलंदाज हेच करतो. म्हणून बारीक चणीचा मुलगाही जोरदार फटका मारू शकतो, जर ही साखळी मध्येच तुटली नाही तर. महाविद्यालयातले चांगले खेळाडू ताशी १४० किलोमीटरच्या पुढे चेंडू मारतात. स्पर्धांमध्ये ताशी १७७ किलोमीटरहून अधिक वेगही मोजला गेला आहे.

ताशी १४४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४० मीटर. दहा मीटरवरून मारलेला असा चेंडू गोलात पोचायला लागतो बरोबर पाव सेकंद! गोलरक्षकाचा प्रतिक्रियाकाल आणि चेंडूचा प्रवास जवळजवळ सारखाच. मग गोलरक्षक एकही फटका कसा अडवतो? तो चेंडूची वाट पाहतच नाही. फटक्यापूर्वी काठीचे टोक, खांदा आणि मनगट पाहून तो अंदाज बांधतो. म्हणजे आक्रमकाने काय करायला हवे? वर मारायचा असो वा खाली, सुरुवात एकसारखी ठेवायची. ताशी दहा किलोमीटर वेग कमी असला तरी चालेल, पण आपला बेत आधी कळू द्यायचा नाही.

जागाही नीट निवडावी लागते. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असे प्रमाण धरून १.८ सेंटिमीटरची रेघ काढा. हा झाला गोल. त्याच्या मध्याच्या बरोबर समोर ९ सेंटिमीटरवर एक बिंदू घ्या आणि तेवढ्याच अंतरावर, पण बाजूला ६० अंश सरकून दुसरा घ्या. दोन्ही बिंदूंपासून गोलाच्या खांबांपर्यंत रेघा काढून कोन मोजा. समोरून सुमारे साडेअकरा अंश येतील, बाजूने सहा अंशांहूनही कमी. अंतर तेच, पण गोल निम्मा दिसतो! बाजूने घाईने फटका मारणारा आणि चेंडू मध्यावर नेईपर्यंत धीर धरणारा, यांतला फरक प्रशिक्षकाला लगेच कळतो.

चारशे गुणांची गोष्ट

गोलामागची जागा आठवते ना? आक्रमक चेंडू घेऊन तेथे उभा राहिला, की गोलरक्षकाला मागे वळून त्याच्याकडे पाहावे लागते. तेवढ्यात गोलासमोर धावत आलेल्या साथीदाराला चेंडू दिला, तर गोलरक्षकाला गर्रकन वळून पुन्हा नवा अंदाज बांधावा लागतो. आपल्या प्रयोगातील दोन पट्ट्यांहूनही हे कठीण. शिवाय माणूस कितीही पळाला तरी फेकलेला चेंडू त्याच्या कितीतरी पट वेगाने जातो.

ऑनंडागा या हौडेनोशोनी राष्ट्रातील लाइल थॉम्पसन हा याचा उत्तम दाखला. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळताना त्याने २०१५ पर्यंत ४०० गुण मिळवले. लॅक्रॉसमध्ये गोलाला एक गुण आणि गोल करून देणाऱ्या पासलाही एक गुण धरतात. त्याच्या ४०० गुणांत गोल होते १७५ आणि पास २२५! महाविद्यालयीन लॅक्रॉसमधील सर्वोत्तम खेळाडूला टेवाराटन पुरस्कार देतात. हे नाव मोहॉक भाषेतून घेतले आहे. २०१४ साली तो लाइल आणि त्याचा भाऊ माइल्स यांना मिळून मिळाला, तर २०१५ साली एकट्या लाइलला. ज्यांच्या पूर्वजांनी हा खेळ जगाला दिला, त्यांच्यातील खेळाडूला हा पुरस्कार मिळण्याची २०१४ ही पहिलीच वेळ होती.

कच्चा हात आणि पक्की सवय

जुन्या लाकडी काठ्या एका बाजूला वळलेल्या आणि जड असत. १९७० साली बाल्टिमोरच्या एसटीएक्स कंपनीने प्लॅस्टिकच्या डोक्याची काठी आणली. ती हलकी होती आणि दोन्ही बाजूंनी सारखी. त्यामुळे डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सारखेच खेळणे सोपे झाले, आणि हळूहळू ती अपेक्षाच बनली. कारण उघड आहे. जो एकाच हाताने खेळतो, त्याच्यापुढे बचावपटूला निवड करावीच लागत नाही. त्याचा प्रतिक्रियाकाल वाचतो!

उपाय एकच, भिंत. भरीव रबराचा चेंडू सहा फुटांवरून कठीण जमिनीवर सोडला तर सुमारे चार फूट उसळतो. त्यामुळे भिंतीवर फेकलेला चेंडू इमानाने परत येतो. दोन सेकंदांना एक या हिशेबाने वीस मिनिटांत ६०० वेळा फेकणे आणि झेलणे होते. त्यातले निम्मे कच्च्या हाताने करायचे. मेंदूतील आणि मज्जारज्जूतील चेतापेशींचे मार्ग सरावानेच पक्के होतात. शिष्यवृत्तीच्या आशेने आदल्या रात्री ते होत नाहीत.

तुम्हीही टेनिसचा चेंडू घेऊन हे करून पाहा. डाव्या हाताने पहिल्या दिवशी शंभरात किती झेल सुटले ते लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा.

दुसरे खेळ खेळणेही वाया जात नाही. १९५७ साली सिरॅक्यूज विद्यापीठाकडून लॅक्रॉस गाजवणारा जिम ब्राउन अमेरिकन फुटबॉलमध्ये अजरामर झाला. २०१९ चा टेवाराटन विजेता आक्रमक पॅट स्पेन्सर पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून बास्केटबॉल खेळला. गुडघा वाकवून वळणे, मोकळी जागा हेरणे, समोरच्याला निवड करायला लावणे हे सगळीकडे सारखेच आहे.

चेंडू हातून गेल्यावर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फटका वाया गेला, चेंडू गोलरक्षकाने अडवला. त्यानंतरच्या दोन सेकंदांत आक्रमक काय करतो? कपाळाला हात लावतो, साथीदाराकडे डोळे वटारतो, की लगेच वळून चेंडू बाहेर काढणाऱ्या बचावपटूच्या मागे धावतो? प्रशिक्षकाची वही बहुधा येथेच भरते. फटक्याचा वेग शिकवता येतो, पण हा स्वभाव शिकवायला त्याच्याकडे वेळ नसतो. जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठी वाकून झेपावणे, चेंडू जवळ नसतानाही जागा बदलत राहणे, बाकावर बसवल्यावरही खेळाकडे लक्ष देणे, हे सगळे त्याला दिसत असते. म्हणून केवळ गोलांचे तुकडे जोडलेल्या चित्रफितीबरोबर अनेक प्रशिक्षक पूर्ण सामन्याची फीतही मागतात.

आणि हो, गुणपत्रिका! एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत खेळायचे तर शाळेत इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे ठरलेले १६ अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. त्यातही गणिताची तीन वर्षे आणि विज्ञानाची दोन. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे अभ्यास चांगला असेल तरच आर्थिक मदतीचे आणि प्रवेशाचे दार सहज उघडते. तेव्हा तरफेचे गणित मैदानावर कामी येते तसेच परीक्षेतही येते.

२०२८ साली लॉस एंजेलिसला लॅक्रॉसचा जो प्रकार खेळला जाणार आहे, त्यात दोन्ही बाजूंना सहा-सहाच खेळाडू असतील, मैदान ७० मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असेल, आणि चेंडू मिळाल्यापासून ३० सेकंदांत फटका मारावा लागेल. सगळेच अधिक वेगवान! क्रिकेटचा सामना संपल्यावर तुम्ही तो खेळ पाहिलात, तर चेंडूकडे पाहू नका. चेंडू ज्याच्याजवळ आहे त्याच्या समोरच्या बचावपटूचे पाय पाहा. ते क्षणभर अडखळले, की समजा : आक्रमकाने आपला पाव सेकंद मिळवला!